पहिल्या खेळाचे खोबरे

महाडच्या गांधारी चित्रमंदिरात एक रीत होती. नव्या चित्रपटाच्या पहिल्या खेळापूर्वी पडद्यापुढे समई लागे, श्रीफळ वाढविले जाई आणि त्याच्या खोबऱ्याचा तुकडा हातावर घेऊनच प्रेक्षक आत जात. श्रीफळ वाढविल्यावर खेळ मध्येच थांबवायचा नाही, हाही दंडक होता. मालक कमलाकरपंतांनी वडिलांची ही रीत देवपूजेच्या निष्ठेने सांभाळली होती.

'वज्रबाहू' या चित्रमालिकेच्या पाचव्या भागाचे श्रीफळ तिचा निर्माता शौनक याने स्वहस्ते वाढविले होते. शौनक पंतांच्या स्नेह्याचा मुलगा. बालपणी याच चित्रमंदिराच्या यंत्रखोलीत बसून तो चित्रपट पाही. महापुरात जुना पडदा गेल्यावर पंतांनी नवा लावला होता. त्याला हात लावून शौनक म्हणाला होता, "काका, दिवाळीपर्यंत हा चित्रपट मोबाईलवर येणार नाही. माझा शब्द."

दुसऱ्याच आठवड्यात तो मोबाईलवर आला. सोबत शौनकच्याच आवाजातली जाहिरात: "मी शौनक, वज्रबाहूचा निर्माता. रांग नको, प्रवास नको. घरीच बसा, वज्रबाहू तुमच्याकडे येतोय!"

लोक घरी बसले. चित्रमंदिराचे खेळ शनिवार-रविवारपुरते उरले. हयात यंत्रापाशी घालविलेला सदू मुंबईत रखवालदारीला गेला. निघताना त्याने पडद्याला दंडवत घातला. पंतांनी ती जाहिरात जपून ठेवली.

आता सहावा भाग आला होता. तोच नायक, तोच खलनायक, तेच पुनरुज्जीवन. मोबाईलवरचे प्रेक्षकही विटले होते. पूर्वी मोबाईलसाठी घाईने चित्रपट घेणारी कंपनी म्हणू लागली, आधी चित्रगृह भरून दाखवा. शौनकला खात्रीचे गाव एकच आठवले. कंपनीच्या अधिकारी श्रियाबाई यांना घेऊन तो पहिल्या खेळाला येणार होता.

"काका, तुमची जाहिरातीची रिक्षा फिरली की सगळं खोरं उतरतं," तो फोनवर म्हणाला. "हे फसलं तर मला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही."

"रिक्षा फिरेल," पंत म्हणाले.

रिक्षावाला महादू कर्णा बांधून आला. पंतांनी दिलेली जाहिरात ऐकून तो चपापला.

"मालक, ह्यो तर घरी बसा म्हणतोय! शिनेमाला या असं कुठंच नाय!"

"तेच वाजव. शिवथरपासून पोलादपूरपर्यंत."

"आपल्याच थेटराची वाट लावायची हाय का?"

"त्याचाच आवाज आहे, महादू. आपण पदरचं एक अक्षर घातलेलं नाही."

पंतांच्या पत्नी विनोदिनीबाई आतून ऐकत होत्या. "सूडच घ्यायचा तर चित्रपट नाकारा," त्या म्हणाल्या. "आपल्या हातानं देवालय ओस पाडायचं?"

"नाकारला तर तो दुसरं गाव गाठील. त्यानं शब्द जिथं दिला, तिथंच तो त्याला परत मिळू दे."

पोलादपूरच्या बाजारात कर्णा गरजला, तेव्हा भाजीवाली चंद्राबाई शेजारणीला म्हणाली, "करणाराच घरी बस सांगतोय गो! मग गाडीभाडं कशाला घालवू?"

शुक्रवारी पंतांनी समई लावली, श्रीफळ वाढविले आणि खोबऱ्याचे बारीक तुकडे करून ताट भरले. शौनक श्रियाबाईंसह आला आणि घाईत ताटाकडे न बघताच त्यांना आत घेऊन गेला. सभागृहात रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. इतक्यात रस्त्यावरून महादूची रिक्षा गेली. "घरीच बसा..." स्वतःचा आवाज ओळखून शौनक जागीच थिजला.

"काका, हे तुम्ही केलंत?"

"बोललास तू. मी फक्त ऐकवलं."

मध्यंतराला श्रियाबाई उठल्या. "शौनक, आमचा निर्णय झाला. सहावा नको, आणि सातवाही नको." त्यांची गाडी मुंबईच्या रस्त्याला लागली.

"खेळ बंद करा, काका. कोणासाठी चालवताय?"

"श्रीफळ वाढवलंय. बस खाली."

शौनक बसला. यंत्र पुन्हा सुरू करून पंत त्याच्या मागच्याच रांगेत हात जोडून बसले. पडद्यावर वज्रबाहू मेला, पुन्हा उठला, गरजला. टाळी वाजली नाही. शौनकने मान खाली घातली की मागून शांत आवाज येई, "वर बघ. सदूनं असे कितीतरी खेळ रिकाम्या खुर्च्यांना दाखवले."

खेळ संपला. दाराशी पंतांनी ताट उचलले. खोबरे जसेच्या तसे होते. त्यांनी ते शौनकच्या दोन्ही हातांवर ठेवले.

"प्रसाद टाकायचा नसतो," ते म्हणाले. "सगळा तुझ्याच वाट्याचा आहे. इथंच संपव, मी थांबतो."