न्यायला आले होते

मी लेकाला घरी न्यायला आले होते, सहलीला नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक म्हणतील, हिला परदेश बघायची हौस. त्याचं दोन वर्षांचं शिक्षण संपत आलं आणि एक दिवस हा फोनवर म्हणाला, "आई, मी इथेच नोकरी बघतोय." बघतोय म्हणजे? आम्ही काय मेलो का? त्याचे बाबा म्हणाले, "तूच जा. तुझ्यापुढे त्याचं काही चालत नाही." म्हणून मी विमानात बसले आणि थेट त्याच्या खोलीवर येऊन धडकले. तर दुसऱ्याच दिवशी त्याच्या वर्गाची सहल! जुन्या इमारतींची दुरुस्ती शिकतो तो, त्यामुळे सहल म्हणजे दिवसभर पडक्या भिंती. घरच्यांना सोबत आणलं तर चालतं म्हणे. म्हटलं चला, बसमध्ये निवांत विषय काढू.

घरात आम्ही त्याला गोगलगाय म्हणतो. नाव मीच ठेवलंय. बुटाची नाडी बांधायला सकाळी बसला की दुपारी जेवायलाच उठेल, असा सगळा कारभार. बोलणंही तसंच. त्याने वाक्य सुरू केलं की आपण चहा टाकावा, गाळावा, प्यावा, तरी हा आपला मधेच कुठेतरी अडकलेला. आम्हाला कुठला एवढा धीर! आम्हीच त्याचं वाक्य पुरं करून टाकतो. लग्नाकार्यात चार माणसं जमली की त्याची नक्कल ठरलेली. त्याची आत्या करते, काका करतो, पण माझ्याइतकी हुबेहूब कुणालाच जमत नाही. तोही हसतो बिचारा. गुणाचा आहे.

बसमध्ये तो खिडकीशी आणि मी शेजारी. बाकी सगळी पोरं जोडीजोडीने बसून चिवचिवत होती. मी आले नसते तर ह्याच्या शेजारी कोण बसलं असतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. आणि विषय काढायचा राहिलाच, कारण एवढ्या लवकर उठल्यामुळे मला गाढ झोप लागली.

पहिला मुक्काम शहराची जुनी वेस. दगडी कमान, वर दोन बुरूज, खाली गाडीच्या चाकांनी झिजलेली फरसबंदी. पोरं धावत जाऊन कमानीखाली उभी राहिली आणि एकेकाने आपला फोन माझ्या लेकाच्या हातात दिला. कुणी काही बोललं नाही, त्यानेही विचारलं नाही. रोजचंच काम असल्यासारखा तो मागे सरकला, एक गुडघा टेकला आणि फोटो काढत गेला. मग आपल्या फोनवर एक काढला. पोरांनी आपापले फोन घेतले, थँक्यू म्हणाली, नाही असं नाही, आणि पुढे निघून गेली.

दोन वर्षं आम्हाला असेच फोटो येत होते. हसरी पोरं, गळ्यात गळे. मी अख्ख्या बिल्डिंगला दाखवले होते, बघा माझ्या लेकाचे मित्र. कुणी विचारलं, यात तो कुठे आहे, तर मीच ठसक्यात सांगायची, "अहो, मग फोटो कोण काढणार?" आता मला तोंडात मारल्यासारखं झालं.

किल्ल्यावर पोचेपर्यंत माझा पारा चढला होता. तिथली भाषा मला येत नाही, पण हात आहेत ना देवाने दिलेले! एका ताडमाड पोराची बाही धरली, लाल टोपीवाल्या एका मुलीला ओढलं, आणखी चारपाच जणांना तटबंदीपाशी उभं केलं आणि लेकाला मधोमध ढकललं. फोन दिला थेट त्यांच्या सरांच्या हातात. सर भले गृहस्थ, हसत हसत त्यांनी फोटो काढला. पोरंही हसली. माझा लेक मात्र कान लाल करून खांबासारखा उभा होता. फोटो झाला, पोरं पांगली, आणि तो परत एकटा.

डबा खायला आम्ही बुरुजाच्या पायऱ्यांवर बसलो.

"आई, असं का केलंस?"

"का म्हणजे? तुला कुणी बोलावत नाही, मला दिसत नाही का? आंधळी आहे का मी?" आता हुकमाचा पत्ता माझ्या हातात होता, तो मी टाकला. "चल घरी. बास झालं हे. तुझं कोण आहे इथे? घरी एवढी माणसं आहेत, दिवसभर कुणी ना कुणी बोलत असतं तुझ्याशी."

त्याने हातातला घास डब्यात ठेवला. "आई, इथे माझ्या..." थांबला. "इथे माझ्याशी..."

"कुणी बोलत नाही! तेच तर म्हणतेय मी."

"नाही. मला तसं नव्हतं म्हणायचं." मग समोरच्या भिंतीकडे बघत त्याने वाक्य पुन्हा पहिल्यापासून धरलं. "इथे माझ्याशी बोलताना कुणी हसत नाही."

"अरे, ती थट्टा असते! घरचीच तर माणसं..."

"माहितीये. तू मायेनेच करतेस. म्हणून मीपण हसतो." त्याचा आवाज जराही चढला नव्हता. "पण घरी मला कधी एक वाक्य पुरं करता आलेलं नाही, आई. मी नाही येणार."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला मी पुरून उरते. आदळआपट केली असती, तर मी दुप्पट केली असती आणि संध्याकाळपर्यंत त्याची बॅग भरून घेतली असती. पण हा शांतपणे डबा माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "खा." मला फार लागलं ते. ज्याला नऊ महिने पोटात वाढवलं, त्याने मला असं ऐकवावं, असंही मनात आलं, आणि त्याने खोटं काहीच सांगितलेलं नाही, हेही आलं.

शेवटचं ठिकाण जमिनीखालचं पाण्याचं टाकं. आत गार अंधार, खांबच खांब. सरांनी काहीतरी विचारलं. माझ्या लेकाने हात वर केला, तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे अडकला. मला भाषा कळत नव्हती तरी माझ्या जिभेवर "अरे बोल की लवकर!" येऊन बसलं. मी जीभ दातांखाली धरली. कुणी हललं नाही, कुणी खुदखुदलं नाही. सगळे थांबले. तो सावकाश बोलायला लागला, भिंतीच्या चुन्यावर हात ठेवून, एकेक थर दाखवत. मधे दोनदा अडकला. तेव्हाही थांबले. त्याचं बोलून संपल्यावर त्या ताडमाड पोराने त्याला काही विचारलं, त्याचंही उत्तर त्याने सावकाश दिलं. मग पोरं आपापल्या जोड्यांनी पुढे गेली आणि हा मागे एकटाच भिंत चाचपत राहिला. मी त्याचा चेहरा बघितला. इतका मोकळा चेहरा त्याचा घरी कधी पाहिल्याचं मला आठवेना.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून झोपला. तेवढ्यात त्याच्या बाबांचा फोन आला.

"काय म्हणतोय? येतोय ना?"

"नाही येत."

"मित्रांनी अडवलं असेल. एवढा गोतावळा जमवलाय तिथे."

"एकही मित्र नाही त्याला," मी हळूच म्हणाले.

"एकही नाही? मग कशासाठी राहतोय तिथे?"

"आपण नाही ना इथे, म्हणून."

ते खो खो हसत सुटले. "तुझं आपलं काहीतरीच!" म्हणाले, आणि माझं वाक्य आत कुणालातरी मोठ्याने सांगितलं. मग फोनमधून घरभर पिकलेला हशा मला ऐकू आला.