जाणाऱ्याच्या हातातली किल्ली

खोक्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे कुलूपताई म्हणायचे. तोंडावर नाही हं, पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कारखाना वडिलांनी उभा केलेला. ते गेल्यावर केबिनमध्ये दादा बसायला लागला आणि जिन्याखालच्या गार खोलीत, सर्व्हरच्या घरघरीत, अंगावर शाल ओढून ही. कुणाचा कॉम्प्युटर अडला, कुणी भलत्याच मेलवर क्लिक करून बसलं, की धाव कुलूपताईकडे. आधी बोलणी खायची, मग काम व्हायचं.

बोलणीही ठरलेली. "पासवर्ड म्हणजे काय लग्नाची पत्रिका आहे, गावभर वाटायला? आणि फोनवर आलेला कोड कुणालाही सांगायचा नाही. बँकेला नाही, साहेबाला नाही, सख्ख्या भावालाही नाही!" शेवटचं वाक्य ती दादाच्या केबिनकडे बघून म्हणायची आणि अख्खा हॉल हसायचा. दादाही हसायचा.

मग दादाला अचानक तिच्या कामाची गोडी लागली. सर्व्हर कुठला आणि फ्रिज कुठला हे न कळणारा माणूस, रोज चहाचा कप घेऊन खाली यायला लागला. "ठमे, फायरवॉल म्हणजे नक्की काय गं?" लहानपणापासून तो तिला ठमीच म्हणायचा. ती सांगायची, फायरवॉल म्हणजे आपल्या फाटकावरचा रखवालदार; कुणाला आत सोडायचं, कुणाला बाहेरच्या बाहेर कटवायचं, ते तो बघतो. व्हीपीएन म्हणजे घरून कारखान्यात यायचा खासगी बोळ. बॅकअप म्हणजे सगळ्याची दुसरी प्रत, आणि तीही दुसऱ्याच इमारतीत, नाहीतर आग लागली तर दोन्ही जळायच्या. सांगता सांगता ती फुलून जायची. इतक्या वर्षांत घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं, तू दिवसभर करतेस तरी काय!

"आणि एखाद्याला कामावरून काढायचं असेल तर?" दादाने एक दिवस विचारलं.

"आधी त्याची सगळी खाती बंद करायची, दाराचं कार्ड बंद करायचं, मग त्याला सांगायचं. उलट कधीच नाही. जाणाऱ्या माणसाच्या हातात किल्ली ठेवायची नसते."

"वाईट वाटत असेल गं."

"वाटतं तर! तो स्टोअरचा कारकून दारावर कार्ड घासत उभा होता ना, अजून डोळ्यांपुढे येतो. पण नियम म्हणजे नियम."

दादाने मान डोलावली आणि चहा संपवला.

नंतरच्या रविवारी ती घरी भाजी निवडत बसली होती, तर त्याचा फोन. "ठमे, एक रिपोर्ट बघायचाय. तू अडीअडचणीसाठी माझ्या तिजोरीत ठेवलेला मुख्य खात्याचा पासवर्ड टाकलाय. आता तुझ्या फोनवर कोड येईल, तेवढा सांग पटकन."

आणि जगाला कानीकपाळी ओरडून सांगणाऱ्या या बाईने कोड सांगितला! दुसऱ्या कुणाला सांगितला असता? जीव गेला तरी नाही. पण दादा होता हो. वर म्हणाली, "अजून काही लागलं तर कर फोन, लाजू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या दाराला कार्ड लावलं, तर लाल दिवा. बाहीला पुसून पुन्हा लावलं. पुन्हा लाल. रखवालदार जमिनीकडे बघत होता. तिला काही सांगावं लागलंच नाही. हा नियम कुणाचा, तो कोणत्या दिवशी लावतात, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब मारायची तरी कुणाच्या नावाने?

"ताई, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय," रखवालदार म्हणाला आणि पाहुण्यांचं कार्ड तिच्या हातात ठेवलं.

केबिनमध्ये दादाच्या शेजारी एक अनोळखी माणूस लॅपटॉप उघडून बसला होता. बाहेरच्या कंपनीचा इंजिनीअर.

"ये, बस. चहा मागवू?"

"चहा राहू दे. कालचा कोड रिपोर्टसाठी नव्हता."

दादा खोकला. "हे बघ, आता सगळं हे लोक बघणार. एवढ्या कामाला एक माणूस पुरत नाही. तुला काही कमी पडू देणार नाही मी."

"हे आधी सांगायला तुझी जीभ झडली होती?"

"तूच म्हणाली होतीस ना, आधी बंद करायचं, मग सांगायचं. तुझा राग मला माहितीये. चिडून काही केलं असतंस म्हणजे?"

"मी? बाबांचा कारखाना मी बुडवला असता?"

दादा टेबलावरच्या पेनाशी चाळा करत राहिला. त्याने थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं, असं तिला वाटलं. कारकुनासाठी केलेला नियम तिला लावला, ते एक वेळ चाललं असतं. पण रोज खाली येऊन, तिच्याकडूनच शिकून, तिच्याच समोर चहा पिऊन?

ती इंजिनीअरकडे वळली. "सगळं ताब्यात आलं?"

"हो मॅडम, सगळी खाती."

"आणीबाणीचं खातं?"

त्याने दादाकडे बघितलं. "तसं काही नाही असं सर म्हणाले."

तिने पर्समधून घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात एक काळी, बोटाच्या पेराएवढी, कॉम्प्युटरला लावायची किल्ली होती. "ऊठ," ती दादाला म्हणाली, आणि तो काही विचारायच्या आत तिने ती त्याच्या कॉम्प्युटरला लावून पिन टाकला. स्क्रीनवर यादी उघडली. सर्व्हर, फायरवॉल, बॅकअप, सगळ्यांची खाती. दादाचं खातं, कालच उघडलेलं नव्या कंपनीचं खातं. एका बोटासरशी सगळं बंद करता आलं असतं. इंजिनीअरचा चेहरा पांढराफटक पडला.

"मुख्य खातं एकदा अडकून बसलं होतं, तेव्हा केलं होतं हे. तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, तुझं तू बघ."

"ठमे, हात लावू नकोस! काय करतेयस?"

तिने वर बघितलं. दादा घाबरला होता. लहानपणी कुत्रं अंगावर आलं की हाच तिला पाठीशी घालायचा, आणि आज तो तिलाच घाबरून भिंतीला टेकला होता.

"ही कायम माझ्या पर्समध्येच होती, दादा. सकाळी तुझ्या दाराबाहेर उभी होते, तेव्हाही होती." डोळे पुसून ती इंजिनीअरला म्हणाली, "पिन लिहून घ्या, आणि आधी माझं नाव काढून टाका."

नखाने कडी उघडून तिने काळी किल्ली जुडग्यातून काढली आणि टेबलावर ठेवली. मग तिच्याच शेजारची एक पितळी किल्लीही काढायला लागली. दादा सहकुटुंब बाहेरगावी गेला की त्याच्या घरातल्या कुंड्यांना पाणी घालायला ती हीच किल्ली वापरायची.

"अगं, ती कशाला?" दादा पुढे आला. "ती घराची आहे."

"जाणाऱ्या माणसाच्या हातात किल्ली ठेवायची नसते," ती म्हणाली, आणि ती किल्लीही तिने टेबलावर ठेवली.