पादुकांचा श्वास

मारुतीच्या पाराभोवती अख्खं बोरखडी जमलं होतं. झाडावर पोरं, पत्र्यावर पोरं, आणि ज्यांनी रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत असायला पाहिजे ती माणसंबी हातोडे टाकून आलेली. पारावर पवनगिरी महाराज उभे. अंगात भगवं, पायात जाडजूड लाकडी पादुका. खाली चेला गरजत होता.

"भक्तहो, कान देऊन बघा! महाराज वाऱ्यावर चालतात! धरणीमाय दोन वर्षं भाजून निघाली, तिला आता माणसाचा भार सोसंना. फकस्त महाराजांचा भार तिला लागत न्हाई!"

"कानानं कसं बघायचं?" मन्मथ पुटपुटला. त्याचं सायकलचं दुकान पारासमोरच होतं. गिऱ्हाईक एक नाही, म्हणून तोबी बघायला आलेला.

महाराजांनी पारावरून उडी मारली. चांगली कमरेएवढ्या उंचीवरून. लाकडी पादुका म्हटल्यावर खाट्कन आवाज यायला पाहिजे. आला नुसता 'धप्'. मांजर उतरावं तसा. वर महाराज जरासे उसळलेबी.

लोकांनी जयजयकार केला. मन्मथ मात्र उडीनंतरचं बघत होता. महाराज होडीत उभं राहिल्यासारखे डगमगले आणि त्यांनी चटकन चेल्याचा खांदा धरला.

हे डगमगणं मन्मथनं आधी पाहिलं होतं. पंचफुलाच्या पायाखाली.

पंचफुला म्हणजे बौद्धवाड्यातल्या नागुबाईची लेक. आठशे मीटर पळायची. पण दुष्काळानं जमीन अशी कडक झालेली की पळून पळून पोरीची टाच ठणकायची. परदेशात बुटाच्या तळव्यात हवा भरतात, असं मन्मथनं रद्दीतल्या एका पेपरात वाचलं होतं. त्यानं सायकलची ट्यूब कापली, दोन्ही तोंडं सोल्युशननं चिकटवली आणि तिच्या कॅनव्हासच्या बुटात टाचेपासून बोटापर्यंत घातली. टाच टेकली की सगळी हवा पुढं, बोटं टेकली की सगळी मागं. पोरगी चार पावलांत आडवी.

"मन्मथदादा, ह्यो बूट हाय का बुजाडा बैल?"

मग त्यानं दोन पिशव्या केल्या. टाचेखाली एक, बोटांखाली एक, मधे टायरची पट्टी. हवा गच्च भरली की उसळी येते आणि तोल जातो, म्हणून अर्धीच भरली. चार पिशव्या जोडावर फुटल्या, पाचवी टिकली. पंचफुला तळ्याच्या कोरड्या पात्रातून दोन फेऱ्या मारून आली आणि म्हणाली, "टाच कुठाय तेच कळंना, दादा."

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष. जिल्ह्याच्या संघाची निवड उद्या सकाळी, लातूरला. बस आज चार वाजता.

आणि परवाच महाराजांनी डोळे मिटून सांगितलं होतं, "गावात एक पोरगी पळती. तिच्या टाचेच्या दणक्यानं धरणी दुखावती. ढग माघारी जातात."

झालं. सरपंच रेवणप्पा नागुबाईच्या दारात. "पोरीला घरात बसव. न्हाईतर टँकरच्या रांगेत तुझी घागर दिसली न्हाई पायजे." नागुबाईनं काय करावं? पोरीला आत घातलं, बाहेरून कुलूप लावलं आणि आज इथं गर्दीत मान खाली घालून बसली.

इकडं पाद्यपूजा सुरू झाली. प्यायला पाणी नाही, पण परातभर टँकरचं पाणी आलं. रेवणप्पानं पादुका त्यात बुडवल्या. आणि एका पादुकेतून बुडबुडे निघाले. बुडूक, बुडूक, बुडूक.

"श्वास!" रेवणप्पा किंचाळला. "पादुका श्वास घ्यायल्यात!"

चेल्याचा चेहरा आधी पांढरा पडला. मग तो सावरला. "व्हय! प्राण हाय त्यात! तीर्थ घ्या, तीर्थ घ्या!"

ओंजळी पुढं आल्या. मन्मथला हसू आवरेना. असा श्वास तो दिवसातून दहादा बघायचा. पळत जाऊन त्यानं दुकानातलं पाण्याचं घमेलं आणि एक ट्यूब आणली. हवा मारून ट्यूब पाण्यात दाबली. बुडूक, बुडूक, बुडूक.

म्हाताऱ्या ग्यानोबानं ट्यूबलाबी हात जोडले.

"ग्यानोबा, हात खाली घे. ही तुझ्याच सायकलची हाय."

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. तेवढ्यात मन्मथनं परातीतली पादुका उचलली.

"हात लावू नको! भस्म होशील!" महाराज गरजले.

"होतो की. आधी एवढं पंक्चर काढतो."

त्यानं अंगठ्याजवळची खुंटी पिळली. ती हातात आली. खाली सायकलचा व्हॉल्व्ह. नखानं सैल केला तशी फुस्स करून पादुका बसली. वर पातळ फळी, खाली लाकडाचा रंग दिलेलं चामडं आणि मधे ट्यूब. सकाळी महाराज खडीवरून मिरवले होते. एक टोकदार खडा तिच्यात घुसून बसला होता.

"ही घाला, महाराज, आन् मारा उडी."

महाराजांनी पाराकडं पाहिलं. गुडघ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "आज मौन हाय," आणि खाली बसले.

तेव्हा नागुबाई उठली. "तुमच्या पायाखाली हवा. माझ्या पोरीच्या पायाखालीबी हवाच. मग ढग तुमच्यावर खूष आन् तिच्यावर नाराज, हे कसं वो महाराज? सरपंच, तुम्ही तरी सांगा."

रेवणप्पानं ओंजळीतलं तीर्थ हळूच परातीत परत ओतलं.

फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. नागुबाई घराकडं धावली. कुलूप निघालं. "पळ गं! सगळ्यांच्या देखत पळ!"

पंचफुला पारावरून, खडीवरून, हसणाऱ्या आणि गप्प बसलेल्या माणसांमधून सुसाट गेली. बस थांबवायला कंडक्टरनं घंटी मारली.

निवडीत ती तिसरी आली. संघात घेतली. पाऊस त्या साली आलाच नाही. पंचफुला पळाली म्हणून नाही, आणि महाराज मुक्काम हलवून गेले म्हणूनबी नाही. पाऊस कुणाच्या टाचा मोजत बसत नाही. पाणी पाहिजे तर बांध घाला, विहिरीतला गाळ काढा, टँकर वेळेवर का येत नाही ते तहसीलात जाऊन विचारा. आणि कुणी तुमच्यासमोर वाऱ्यावर चालायला लागला, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: बाबा, हवा कुठून भरतोस?