टीव्हीकडे पाठ

"हास," काळू म्हणाला.

लखन हसला.

"असा नही. नेहमी हसतो तसा हास."

"नेहमी मी कसा हसतो?"

प्रश्न अवघड होता. सामरवरणीतल्या चाळीमागे, पाण्याच्या हौदाला टेकून, तीन धडधाकट माणसं शनिवारी संध्याकाळी हसण्याची तालीम करत उभी होती आणि आपण कसे हसतो हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. शेवटी विकीनं सांगितलं, "लखनभाई, तू पहिले नाक से आवाज करता है. मग मांडीवर हात मारतो."

"कोणाच्या मांडीवर?"

"माझ्या."

लखननं विकीच्या मांडीवर हात मारून पाहिला. हसू आलं नाही. विकी मात्र कळवळला.

"ऱ्हाऊ दे," काळू म्हणाला. "फक्त एवढं ध्यानात ठेवा. टीव्हीतला तो चष्मेवाला टाकीवर टकटक करीन, तवा तिघांनी हसायचं. नेहमीसारखं. नही हसलो तर वहिनीले कळीन."

"आन हसलो तर?"

काळूनं त्याच्याकडे असं पाहिलं, की लखननं प्रश्न परत घेतला.

वहिनी म्हणजे मंजुळाबाई. चाळीच्या पहिल्या खोलीत त्यांची खाणावळ होती. धुळे-जळगावकडची जी पोरं सिल्वासाच्या कारखान्यांत येत, ती आधी मंजुळाबाईंच्या शेवभाजीची चौकशी करत आणि मग नोकरीची. खोलीत रंगीत टीव्ही होता. तो त्यांच्या नवऱ्यानं, बारकूनं आणला होता आणि आणला त्याच दिवशी दार उघडं टाकून जाहीर केलं होतं, की शनिवारची खुनांची मालिका इथे सगळ्यांनी मिळून बघायची, एकट्यानं बघितली तर झोप लागत नाही.

मंजुळाबाई ती मालिका बघत नसत. म्हणजे बघत, पण टीव्हीकडे पाठ करून. टीव्हीखाली पाट टाकायचा, पुढ्यात ताट घ्यायचं, लसूण सोलायचा आणि समोर बसलेल्यांची तोंडं बघायची.

"वहिनी, इकडं बसा ना, दिसंल," कोणी म्हटलं की त्या म्हणत, "मले सगळं दिसतं. टीव्हीतले लोक खोटे मरतात. तुमचे तोंडं खरे असतात."

आणि खरंच, त्या चुकत नसत. काळूचा जबडा खाली आला, की एखादं निरपराध माणूस गेलं. विकीनं पाय वर घेतले, की रक्त. लखनच्या नाकातून आवाज आला, की चष्मेवाला काहीतरी विनोद करून गेला. "वकील मेला ना?" त्या विचारायच्या. वकीलच मेलेला असायचा. एकदा तर त्यांनी खुनी कोण ते इन्स्पेक्टरच्या आधी ओळखलं, फक्त विकीच्या भुवयांवरून.

चष्मेवाला हा त्या मालिकेतला मारेकरी. अत्यंत सभ्य माणूस. चहा पिऊन, रुमालानं ओठ टिपून माणसं मारायचा आणि मारण्याआधी हात जोडून म्हणायचा, "माफ करना, थोडी तकलीफ होगी." या वाक्यावर अख्खी चाळ लोळायची. माणूस मरतोय आणि आपण हसतोय, हे पहिल्या दोन-तीन शनिवारी सगळ्यांना जरा विचित्र वाटलं होतं. मग सवय झाली. कारखान्यात मशीन चालू करताना, न्हाव्याच्या खुर्चीत बसताना, सुई टोचून घेताना, सगळीकडे तेच वाक्य.

ते सगळ्यांत छान म्हणायचा बारकू. त्याला चष्मेवाल्याचा आवाज काढता यायचा. आणि मालिकेच्या सुरुवातीला दारावर जी टकटक व्हायची, दोन लागोपाठ, मग थांबून एक, ती तर त्याच्या बोटांतच बसली होती. डब्यावर, पाइपवर, एकदा सुपरवायझरच्या हेल्मेटवर, आत डोकं असताना. घरी आला की उघड्या दारावरही तो आधी टक-टक... टक करायचा आणि आतून मंजुळाबाई पोळपाटावर लाटण्यानं तसंच उत्तर द्यायच्या.

गेल्या दिवाळीच्या आधी बारकू रंगखात्यातली टाकी साफ करायला आत उतरला. उतरताना हात जोडून म्हणाला, "माफ करना, थोडी तकलीफ होगी." काळू, लखन आणि विकी बाहेर होते. तिघं हसले. थोड्या वेळानं आतून आवाज आला. टक-टक... टक. काळूच्या हातात पाना होता. त्यानं बाहेरून उत्तर दिलं. टक-टक... टक. आतून पुन्हा आला. मग लखननं पाना घेतला. मग विकीनं. विकी तर हसून हसून खाली बसला. नंतर आतून दोनच टकटक आल्या, आणि तिघं तिसरीची वाट बघत थांबले. बारकू मजा लांबवतोय, असं त्यांना वाटलं.

टाकीत रंगाचा विषारी वास कोंडला होता, हे बारकूला बाहेर काढल्यावर कळलं.

मंजुळाबाईंनी विचारलं होतं, "हाक नही मारली त्यानं?"

"नही वहिनी," काळू म्हणाला होता. "उतरला न् पडला. त्याले कळलं बी नसंल."

पहिलं वाक्य खरं होतं. हाक त्यानं मारली नव्हती.

त्या उत्तरातलं शेवटचं वाक्य मंजुळाबाईंनी धरून ठेवलं. भाजीवालीला सांगायच्या, नंदुरबारहून बहीण आली तिला सांगायच्या, गिऱ्हाइकाला भाकरी वाढता वाढता मध्येच सांगायच्या, "त्याले कळलं बी नही." दर वेळी सांगून झालं, की त्यांचा चेहरा थोडा सैल व्हायचा. दोन महिने टीव्हीवर कापड होतं. मग त्यांनीच ते काढलं आणि काळूला म्हणाल्या, "शनिवारी या रे. घर लय गप बसतं."

तिघं यायला लागले. नेहमीसारखे हसायलाही लागले, कारण न हसणं जास्त दिसलं असतं.

आणि गेल्या शनिवारी चष्मेवाल्यानं एका बिल्डरला गच्चीवरच्या लोखंडी टाकीत कोंडलं. आत बिल्डरनं ठोठावायला हात उचलला आणि भाग संपला.

तिघांचा तो आठवडा फार वाईट गेला. काळूनं सुट्टी घेऊन गावी जायचं ठरवलं, पण शनिवारी काळू नाही म्हटल्यावर वहिनी कारण विचारणार. विकीनं टीव्ही फोडायचा प्रस्ताव मांडला. बारकूचा टीव्ही बारकूच्या माणसांनी फोडायचा, यावर लखनला एकदम रडू आलं, म्हणून तो प्रस्ताव मागे पडला. शेवटी दोन बेत ठरले. मालिका सुरू होताच लखननं बाहेर जाऊन फ्यूज काढायचा. ते फसलं, तर हसायचं.

आठ वाजायला आले. मंजुळाबाई पाटावर बसल्या होत्या. खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर अनंत सावंत होते. सावंत मूळचे कोकणातले, सरकारी नोकर, टोकरखाड्याला राहायचे. बायको माहेरी गेली की शनिवारी स्कूटरनं इथे जेवायला यायचे. या खेपेला तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"अशा मालिकांनी समाज बधिर होतो," सावंत म्हणाले. "मी लिहून देतो. आवाज जरा मोठा कर रे विकी."

टीव्हीतून टकटक आली. नावं सुरू झाली. लखन उठला.

"कुठं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"पोटात कळ आली."

तो गेला आणि अंधार झाला. काळूनं श्वास सोडला.

"अरेरे," काळू म्हणाला. "गेली वाटतं लाइट. आता काय येत नही."

"समोरच्या खोलीत तर आहे," सावंत म्हणाले आणि खिशातून टेस्टर काढला. टेस्टर ते नेहमी पेनाच्या शेजारी ठेवत. आजवर त्यांनी काही दुरुस्त केल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. त्या दिवशी मात्र ते बाहेर गेले, बोर्डाजवळ लखनला हातात फ्यूज घेऊन उभा असलेला पाहून "शाब्बास, शोधलास का?" म्हणाले आणि त्याच्याकडून घेऊन तो बसवून आले. नावंसुद्धा पूर्ण झाली नव्हती.

"पोट बरं झालं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"झालं," लखन म्हणाला.

मंजुळाबाईंनी लसणाची पाकळी उचलली आणि त्याच्या तोंडाकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं.

गच्ची आली. टाकी आली. विकीला खोकला सुरू झाला. हा त्याचा स्वतःचा बेत होता, टकटक ऐकू जाऊ नये म्हणून. तो इतका मनापासून खोकला, की सावंतांनी त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि पाणी पिताना खोकता येत नाही, हे विकीच्या लक्षात आलं नव्हतं.

टाकीच्या आतून आवाज आला. मालिकेच्या लेखकाला दुसरं काही सुचलं नसावं, किंवा फार सुचलं असावं. टक-टक... टक.

मंजुळाबाईंचं नख पाकळीच्या सालात अडकलं.

पडद्यावर चष्मेवाला टाकीला टेकून चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला. ओठ टिपले. मग वाकून, बोटानं, अगदी अदबीनं टाकीवर वाजवलं. टक-टक... टक. आणि विचारलं, "कौन?"

सावंतांची खुर्ची करकरली. "कौन म्हणे!" ते डोळे पुसत हसत होते. "आत कोंडून वर विचारतोय कौन! काय लिहितात हो!"

हीच ती वेळ होती.

लखनच्या नाकातून आवाज आला. त्याचा हात वर गेला, विकीच्या मांडीवर पडला आणि तिथेच राहिला. बोटं रुतली. विकीनं तोंड उघडलं, आतून काही आलं नाही, म्हणून मिटलं. काळूनं ओठ ताणून हसू जागेवर आणलं होतं, पण आता ते त्याला खाली उतरवता येईना.

मंजुळाबाईंनी लखनकडे पाहिलं. मग विकीकडे. मग काळूकडे. दर शनिवारी या ठिकाणी त्या विचारायच्या, कोण मेलं. तिघं त्या प्रश्नाची वाट बघत बसले. तो आला नाही. टीव्हीत टकटक चालूच होती, जरा हळू. सावंत अजून हसत होते आणि खोलीत हसणारे ते एकटेच आहेत, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

काळूचा हात गुडघ्यावर होता. त्याचं मधलं बोट वाकलं होतं आणि गुडघ्यावर उठत होतं, पडत होतं. दोनदा, मग थांबून एकदा. काळूला हे माहीत नव्हतं. मंजुळाबाईंची नजर बोटावर आली, तेव्हा त्यानंही खाली पाहिलं. बोट थांबलं.

"काळूभाऊ," मंजुळाबाई म्हणाल्या. "त्यानं वाजवलं व्हतं?"

काळूनं ते बोट मुठीत मिटलं.

"आन तुम्ही उत्तर देत व्हते."

"कसलं उत्तर?" सावंत म्हणाले.

"वहिनी," लखन म्हणाला, "आम्हाले वाटलं, तो नेहमीसारखा..."

"हसत व्हते तुम्ही?"

विकी रडायला लागला. तो मोठ्यानं रडला असता तर बरं झालं असतं, पण आपण इथे रडायचं की नाही, हे ठरलं नव्हतं, म्हणून तो तांब्यात तोंड घालून रडत होता.

मंजुळाबाईंनी ताटातली सालं एका बाजूला गोळा केली. मग त्यांनी विचारलं, "तुमचं वाजवणं त्याले आत ऐकू जात असंल ना?"

"हो," काळू म्हणाला. "जात असंल."

"म्हणजे बाहेर आपली माणसं हायेत, हे त्याले माहीत व्हतं."

हे त्या कोणत्या सुरात म्हणाल्या, ते काळूला कळलं नाही. तोंड वाचायची सवय त्यांना होती, त्याला नव्हती. या एका वाक्यावर त्या पुढं जगणार होत्या की त्यानंच संपणार होत्या, हे तो त्यांच्या तोंडावर शोधत राहिला.

त्या उठल्या. ताट उचलून बाजूला ठेवलं. पाट फिरवला आणि पुन्हा बसल्या. आता त्यांचं तोंड टीव्हीकडे होतं आणि पाठ या सगळ्यांकडे.

"मंजुळाबाई, काही झालंय का?" सावंत पुटपुटले. "बंद करू का?"

"ऱ्हाऊ द्या. बघते मी."

"वहिनी, आम्ही जातो," काळू उभा राहिला.

"भाजी झालीय. भाकऱ्या टाकायच्या हायेत," त्या मान न वळवता म्हणाल्या. "नेहमीसारखे बसा."

काळू बसला. इन्स्पेक्टर जीपमधून उतरून जिना चढत होता, आणि त्याला उशीर होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. चष्मेवाल्यानं आणखी एक विनोद केला. कोणी हसलं नाही. सावंतसुद्धा नाहीत. तिघं मंजुळाबाईंच्या पाठीकडे बघत होते. खांदे हलतात का, मान खाली जाते का, अंबाड्याखालचं मानेवरचं कातडं ताणतं का. पाठीवर काहीच वाचता येत नव्हतं. तिथे फक्त ब्लाउजची शिवण होती आणि पदराला चिकटलेलं लसणाचं एक साल.

मग टीव्हीतला बिल्डर थांबला. आवाज बंद झाला आणि प्रसंग बदलण्याआधी पडदा क्षणभर पूर्ण काळा पडला. त्या काळ्या काचेत मंजुळाबाईंचा चेहरा उमटला. डोळे कोरडे होते. काळूला वाटलं, त्या मालिका बघतायत. मग त्याला दिसलं, की त्याच काचेत त्यांच्या खांद्यामागे तो स्वतः होता, लखन होता, तांब्या धरलेला विकी होता, आणि त्या या तिघांकडेच बघत होत्या.

पडदा उजळला. जाहिरात लागली.