बाबाची झोप अन् शेवयाची मशीन

आमच्या अन् मालनमावशीच्या घराची भिंत एकच हाय. होळी झाली की मावशी भिंतीच्या पल्याड शेवयाची मशीन चालू करती. सकाळपासून बाया मळलेल्या पिठाची पातेली घेऊन नंबर लावतात. मशीन घरघरती, त्याच्यावरून बाया वरडून बोलतात. आमच्या मांडणीवरचे पेले वाजतात. डोकं उठतं लय.

माझा बाप चंद्रभान. मानवतला कापसाच्या जिनिंगवर रातपाळीला जातो. सकाळी भुवयांत कापूस घेऊन येतो, खातो, पडतो. पण यंदा नीट झोप न्हाई. मागं जिनिंगच्या मशीनपाशीच उभ्या उभ्या डुलकी लागली. मुकादमानं दंडाला धरून मागं वढलं म्हणून हात वाचला. त्यो बोलला, पुन्यांदा असं झालं तर येऊ नको.

मी तसाच मावशीकडं गेलो. भांडलोच.

"तुझा बाप झोपावा म्हणून मी धंदा बुडवू का रे सिद्धोधन?" मावशी बोलली. पण हाताची गोष्ट ऐकल्यावर ती मशीन संध्याकाळी लावायली.

मग आमी घरच गपगार केलं. मायनं कुकर लावणं सोडलं, पातेल्यातच डाळ शिजवायली. मोबाईल बंद. कुणी आलं की दारातूनच वापस.

बाबा खाटंवर उताणा. डोळे उघडे.

आमी दोघं चुलीपाशी हळू बोलायलो, तर वरडला, "काय कुजबुज लावली? मेलो का मी?"

"तुमाला झोप लागावी म्हणून तर," माय बोलली.

"कशी लागंल? समदं गप झालं की कानात जिनिंग चालू होतंय. सूंऽऽ करतंय नुसतं. मालनची मशीन होती तवा थोडा तरी डोळा लागायचा."

"मग बोलायचं न्हाई का आधी!"

"तुमी एवढं करायलेत, काय बोलू?"

कानाच्या डॉक्टरकडं चला म्हणलं तर म्हणतो, सीझन संपू दे.

पुन्हा मावशीच्या दारात. ती मशीनची जाळी धुवायली होती.

"मावशी, दिवसाच लावा की मशीन."

तिनं जाळी खाली आपटली. "बंद कर म्हणला, केली. आता चालू कर. मशीन हाय, का तुझ्या घरची सून?"

मी बाबाच्या कानाचं सांगितलं.

"असं हाय व्हय," ती बोलली. "पण बायांना मी संध्याकाळचं सांगितलंय. आज पीठ कुठून आणू?"

"मोकळीच फिरवा."

"मोकळी फिरवून खराब करू का? जा, मायला म्हणावं पीठ मळ."

मायनं डब्यातलं समदं पीठ मळलं. बाबाला कायबी सांगितलं न्हाई. मशीन घरघरायली, मी गोळे टाकायलो. माझं कपाळ ठणकायलं, दात आवळून बसलो. जरा वेळानं माय घरात डोकावून आली.

"घोरायलेत," ती बोलली.

मावशीनं काठीवर शेवया टांगल्या. मी पुढचा गोळा उचलला. पातेल्याचा तळ दिसायला लागला होता.

मायनं माझा हात धरला. "बारीक बारीक टाक रे," ती बोलली. "पुरवून पुरवून."