मनोऱ्यावरची घंटा

बंदराजवळच्या जुन्या गोदामात गावाने आपलं संग्रहालय मांडलं होतं. छताला टांगलेली शिडं वाऱ्याने अलगद फुगत आणि खिडक्यांतून येणारा हिरवट उजेड फरशीवर पाण्यासारखा हलत असे. म्हाताऱ्या नावाड्याला आता फारसं दिसत नव्हतं. नातीचा हात धरून आत शिरताना त्याला वाटलं, आपण समुद्राच्या तळाशीच चालतोय.

"आजोबा, हात लावू नका, पाटी आहे," नात कुजबुजली.

"मला कुठं वाचता येतेय ती?" म्हणत त्याने वल्ही चाचपली, दोर हुंगला, नांगराच्या पाठीवर ओळखीची थाप मारली. देखरेखीला बसलेल्या बाई गालातल्या गालात हसल्या आणि त्यांनी काणाडोळा केला.

मग त्याचा हात थंडगार पितळेवर पडला, तो तिथेच राहिला. धक्क्याजवळच्या मनोऱ्यावरची घंटा.

"हिनंच आणलं मला घरी," तो म्हणाला. "असलं धुकं, की हातातलं वल्हं दिसेना. म्हटलं, आता संपलंच. तेवढ्यात हिचा आवाज आला. थांबायचं नाव नाही! त्या आवाजाच्या मागोमाग होडी धक्क्याला लावली. दुसऱ्या दिवशी मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला भेटायला गेलो, तर तो तापाने फणफणलेला. म्हणे, मीच वाजवली. अरे, त्याला हातात पेला धरवत नव्हता!"

बाई उठल्याच. "ते माझे वडील. घंटा आमच्या आत्याने वाजवली. वडिलांची नोकरी जाऊ नये म्हणून गप्प राहिली. मागेच राहते. बोलावू?"

आत्या ओले हात पुसत आली. सगळं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे ते तुम्ही होय! अहो, पोचल्यावर एक हाक तरी मारायचीत! धुकं विरेपर्यंत वाजवत बसले मी. खांदे भरून आले."

नावाडी हसला. त्याने चाचपत तिचे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत.

"मला तर वाटलं होतं, बाहेर कुणीच नसेल," ती हळूच म्हणाली. "कोण कोण होतं होडीत?"

"मी आणि माझा मुलगा. हिचा बाप. मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला."

आत्याने मान वळवली. हिरव्या उजेडात उभ्या असलेल्या त्या मुलीकडे ती बघतच राहिली. मग जवळ जाऊन तिने तिच्या गालावरून हात फिरवला.

"अगं बाई," ती म्हणाली, "एवढी मोठी झालीस?"