अकरा नंबरची ओळ

पहिलं कणीस सोललं तेव्हा मला वाटलं, असतं एखादं वाया गेलेलं. दुसरं सोललं. तिसरं सोललं, चौथं सोललं, सगळी तशीच. बाहेरून पाहाल तर कणीस भरदार, हिरव्या सालीत गच्च गुंडाळलेलं. आत नुसता पांढरा दांडा. बुडाशी सात-आठ दाणे, तेही कुणी इथे-तिथे चिकटवून ठेवल्यासारखे.

"काय गं, भरलेत का दाणे?" ताईनं बांधावरून विचारलं. तिच्याशेजारी बाबा काठी टेकवून बसले होते. मी दोघांना बरोबर घेऊन आले होते ते मिरवायला. हो, मिरवायलाच, खोटं कशाला बोलू? माझ्या केंद्रातलं बियाणं, माझ्या बहिणीचं शेत. बघा म्हटलं, पावसानं महिनाभर तोंड फिरवलं तरी पीक कसं उभं आहे ते.

मी मक्याच्या संशोधन केंद्रात एकोणीस वर्षं काम करते. माझं मुख्य काम दाणे मोजणं. माझ्या पाठीमागे मला "दाणेमोजणी" म्हणतात हे मला ठाऊक आहे, म्हणू देत. कणसावर किती दाणे धरले, किती पोचट निघाले, हे माझ्याइतकं बारकाईनं आमच्याकडे कुणी बघत नाही. मक्याचं खरं नाजूक दुखणं मला तिथेच कळलं. रोप उंच होईल, पानं काढील, वेळेवर तुराही येईल. पण नेमकं त्याच आठवड्यात पाणी तुटलं तर कणसाच्या मिशा बाहेर यायला उशीर होतो. त्या येईपर्यंत तुऱ्यातला पराग उन्हानं करपून गळून गेलेला असतो. एक मिशी म्हणजे एक दाणा. मिशीला पराग नाही मिळाला की तिथे दाणा नाही, आणि जे धरतात त्यातलेही अर्धे आठवडाभरात सुकून जातात. नंतर धो धो पाऊस पडला तरी उपयोग शून्य.

म्हणून आम्ही कमी पाण्यात दाणा धरणारा वाण शोधत होतो. दोन वर्षांपूर्वी सोळा वाण लावले. बियाणं मूठभर, म्हणून प्रत्येकाची एकच ओळ. तुरा दिसला की पाण्याच्या नळाला कुलूप लावायचं, ही आमची पद्धत. किल्ली माझ्या कमरेला. सगळ्या ओळी वाळल्या, पानांच्या सुरळ्या झाल्या. कापणीला मी मोजायला बसले तर पंधरा ओळींमध्ये कणसाला तीस-चाळीस दाणे आणि अकरा नंबरला चारशेच्या वर! मी तीनदा मोजले. मग ऑफिसात जाऊन असा काही आरडाओरडा केला की शिपायाला वाटलं साप निघाला.

साहेब म्हणाले होते, "आणखी एक वर्ष पाहू. एका ओळीवर भरवसा ठेवू नये." मीच त्यांच्या डोक्यावर बसले. "किती वर्षं पाहायचं साहेब? तोवर माणसं म्हातारी होतील." शेवटी त्यांनी मान तुकवली. पुढच्या वर्षी भरपूर पाणी देऊन आम्ही अकरा नंबरचं बियाणं वाढवलं आणि यंदा छत्तीस जणांना वाटलं. सभेत माईक हातात घेऊन मी सांगितलं, "तुरा आल्यावर पाणी मिळालं नाही तरी बिनघोर राहा. हा वाण निभावून नेतो." हे मी सांगितलं. माझ्या तोंडानं.

ताईनं सगळ्यांच्या तीन आठवडे आधी पेरलं, आणि पूर्ण शेत. धाकट्या बहिणीचा शब्द म्हणून.

आता ती बांध उतरून माझ्याजवळ आली. माझ्या हातातलं कणीस बघितलं, स्वतः दोन सोलली, आणि तिचा चेहरा पडला. मला वाटलं आता ही मला फाडून खाणार. ती हळू आवाजात म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल. खत टाकायला चार दिवस उशीर झाला होता बघ. तुझ्या साहेबांना माझं नाव नको सांगूस. उगाच तुझ्या बियाण्याला बट्टा लागायचा."

"ताई, खतानं असं होत नाही गं," एवढंच मला बोलता आलं.

तेवढ्यात बाबांनी कणीस मागितलं. बोटं फिरवून, उलटसुलट करून पाहिलं आणि बुचकळ्यात पडल्यासारखे म्हणाले, "असं कसं होईल? आपली अकरा नंबरची ओळ तर चार बादल्यांवर निघाली होती."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. म्हणजे ऐकू आलं, पण डोक्यात शिरेना.

"कसल्या चार बादल्या, बाबा?"

"अगं, केंद्रातल्या आपल्या क्वार्टरच्या मागच्या दाराशी नव्हती का ती ओळ? तू ऑफिसला गेलीस की भांड्याचं, कपड्यांचं पाणी वाया जायचं. ते घालायचो. दिवसाला चार बादल्या. मिशा फुटत होत्या ना, तेवढे पाच-सहा दिवस. पुढे नाही घातलं, पुढे तिचं तिनं निभावलं."

मी तिथे ढेकळांवर मटकन बसले. नळाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला, आणि माझ्याच घरातून बादलीनं पाणी! ते सुद्धा नेमक्या त्याच दिवसांत. जन्मभर मका केलेला माणूस, दुसऱ्या कुठल्या दिवशी घालणार होता? बाकीच्या ओळींवर थेंब नाही, म्हणून त्या कोरड्या. वाणात काही म्हणता काही नव्हतं. दाणे धरले ते धुण्याच्या पाण्यावर.

"बाबा!" मी अशी किंचाळले की लांब बांधलेली म्हैस उठून उभी राहिली. "अहो, तो प्रयोग होता! पाणी तोडायचं हाच तर प्रयोग होता!"

"तू त्यांना तहानेनं मारत होतीस," बाबाही तडकले. "डोळ्यांदेखत. मी काय खुर्चीत बसून बघत राहायचं? सगळ्यांना पुरेल एवढं पाणी नव्हतं, म्हणून निदान एका ओळीला."

"मग सांगितलं का नाही? मी तीनदा मोजले दाणे! तुमच्यासमोर मोजले!"

बाबांचा आवाज एकदम खाली आला. "तू इतकी खूश होतीस. माझी जीभच उचलली नाही. आणि वाटलं, चार बादल्यांनी काय एवढं होतं?"

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. बाबांचा, माझा, त्या माईकचा. साहेबांनी सांगितलं होतं, एका ओळीवर भरवसा नको. कुणाचं ऐकलं मी?

ताईनं विचारलं, "बाकी पस्तीस जणांचं कुठवर आलंय?"

मी वर पाहिलं. तीन आठवडे मागे. म्हणजे तुरा आलेला, मिशा आता फुटणार किंवा फुटत असतील. नेमका हाच आठवडा.

"मग बसलीस काय? माझं गेलं ते गेलं. त्यांना पाणी द्यायला सांग की! ऊठ!"

"आधी साहेबांना तरी विचार," बाबा चाचरत म्हणाले. "नोकरी जाईल पोरी."

"साहेबांना विचारलं की बैठक बसेल, आणि बैठक उठेपर्यंत मिशा वाळतील," मी म्हणाले आणि फोन काढला. यादी माझ्याकडे होतीच.

यादीत पहिल्या मास्तरीणबाई. शाळेतून निवृत्त होऊन शेती करायला लागलेल्या, सभेत पहिल्या रांगेत बसून माझा शब्द न् शब्द वहीत उतरवून घेणाऱ्या. शेतात त्यांची मोठी सिमेंटची टाकी आहे. पहिल्याच घंटीला त्यांनी फोन उचलला.

"बाई, मी केंद्रातून बोलतेय. माझी फार मोठी चूक झालीय. वाणात दम नाही. तुमच्या मक्याला आजच्या आज पाणी द्या. टाकीतलं सगळं सोडा."



"अहो, टाकीत आता पाणी कुठलं?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अजूनही माझ्यावर विश्वास असल्यासारखाच होता. "तुम्ही पाणी लागणार नाही म्हणालात ना, म्हणून परवा सगळं नाल्यात सोडून दिलं आणि टाकी आतून घासून घेतली. शेवाळ फार झालं होतं हो."